चालीवर शब्द, शब्दांवर हक्क

नवोदित गीतकार मला आधी विचारतात, संगीतकार भेटायचा कुठे? मोठ्या स्टुडिओच्या दारात ताटकळू नका. पुण्यात फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, तालमींत जा, एकांकिकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या मुलांशी ओळख करून घ्या. तुमच्याच वयाचा संगीतकार तुमच्याबरोबर वाढतो, आणि त्याला पहिली मालिका मिळाली की फोन तुम्हालाच येतो. मी शीर्षकगीतं लिहू लागले ती अशाच ओळखीतून.

आता बहुतेक वेळा चाल आधी येते. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ, त्यात डमी, म्हणजे तात्पुरते, शब्द. लगेच लिहायला बसू नका. चाल पाठ होईपर्यंत ऐका, टाळी देत गुणगुणा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते पाहा. ‘आठवण’मधल्या ‘व’वर सम पडली तर ऐकणाऱ्याला ‘आठ’ आणि ‘वण’ असे दोन तुकडे ऐकू येतात. शब्द कितीही गोड असला तरी तिथे तो चालत नाही. जिथे सूर लांबतो तिथे आ, ई, ए, ओ असा मोकळा स्वर हवा. ओळीच्या शेवटी वरच्या सुरावर ‘चंद्र’ दिलात तर गायिका अडकते, ‘चांदणे’ दिलात तर ती त्यावर हवी तेवढी रेंगाळू शकते. आधी फक्त मुखडे, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, पाठवा, दोन-तीन वेगवेगळ्या भावांचे. मुखडा पक्का झाल्याशिवाय अंतरा लिहू नये असं माझं ठाम मत आहे. संगीतकाराने शब्द बदलायला सांगितला तर तो गाऊन दाखवायला सांगा. अडचण कानाला लगेच कळते.

गाणं पक्कं झालं त्याच दिवशी ईमेलवर लिहून ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, श्रेयनामावलीत आणि यूट्यूबवर नाव कसं येणार. मानधनाचा निम्मा भाग आगाऊ मागा. यात संकोच कसला?

करार मात्र ओळ न ओळ वाचा. हक्क लेखी सहीनेच दिले जातात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती 5 वर्षं मानतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द दिसले तर त्या प्रमाणात रक्कम वाढवून मागा. आणि हे प्रत्येक गीतकाराला पाठ असायला हवं: या कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही निर्मात्याला किंवा म्युझिक कंपनीला देऊन टाकू शकत नाही, सोडूनही देऊ शकत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणारं गाणं एवढाच अपवाद. टीव्ही, रेडिओ, हॉटेल, स्ट्रीमिंग या सगळ्यांवर तुमचा हक्क आहे. शीर्षकगीत तर मालिका चालू असेपर्यंत रोज वाजतं!

हा पैसा गोळा करते मुंबईची आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), 1969 साली स्थापन झालेली. सभासद व्हा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक गाण्याची नोंद करा. संगीतकाराशेजारी बसूनच नोंद करा, म्हणजे दोघांनी भरलेले वाटे जुळतील. हक्क तुमच्यानंतरही 60 वर्षं टिकतो, तेव्हा गाण्यांची यादी आणि करारांच्या प्रती घरात कुठे ठेवल्यात ते मुलांना आजच सांगून ठेवा.