'हीड' आणि त्याच्या मागे लागणारा 'टू'

एसएससी सीजीएलची, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी लिहितोय. परीक्षेचं स्वरूप तुम्हाला माहीत आहेच. मला फक्त 'हीड' (heed) या इंग्रजी शब्दाबद्दल सांगायचंय, कारण तो मला अजून खुपतो.

माझ्या वहीत होतं: हीड म्हणजे लक्ष देणे. क्लासच्या नोट्समधून जसंच्या तसं उतरवलेलं. सराव पेपरात चूक ओळखायला वाक्य आलं, 'ही डिड नॉट हीड टू हिज फादर्स अडव्हाइस.' मला काहीच खटकलं नाही. 'नो एरर'वर क्लिक केलं. दोन मार्क गेले, वर निगेटिव्हचा अर्धा. महिन्याभराने पुन्हा तीच चूक केली.

खटकणार कसं? आपण 'सल्ल्याकडे लक्ष देणे' म्हणतो. हा 'कडे' इंग्रजीत 'टू' होऊन बाहेर येतो. 'लिसन'ला टू लागतो, 'पे अटेन्शन'ला लागतो, मग हीडलाही लागेल असं वाटतं. नाही लागत. हीड क्रियापद असेल तर पुढे थेट कर्म: हीड द वॉर्निंग. आधी 'पे' आला की हीड नाम होतं, तेव्हाच टू: पे हीड टू द वॉर्निंग. 'टेक' आला तर 'ऑफ' (of): टेक हीड ऑफ द वॉर्निंग. क्रियापद हीड आणि लगेच टू दिसला, की चूक तिथेच.

अर्थही नुसता लक्ष देण्याचा नाही. आई 'तू ऐकत नाहीस' म्हणते, तेव्हा तिला कानांबद्दल बोलायचं नसतं. ते ऐकणं म्हणजे हीड. धरणातून पाणी सोडणार म्हणून गावात भोंगा फिरतो. लक्ष सगळेच देतात, पण ज्याने नदीकाठची गुरं सोडून वर नेली, त्याने हीड केलं.

महिन्यात हजार शब्दांच्या पीडीएफवर माझा अजिबात विश्वास नाही. त्यात शब्दाचा अर्थ असतो, त्याच्या पुढे काय येतं ते नसतं. मला सुधारलं अभ्यासिकेतल्या एका दादाने. तो रोज एकाच शब्दाची पाच वाक्यं लिहायला लावायचा. घाबरू नका, दिवसाला एक शब्दही पुरतो. मी पंधरा दिवसांत सावरलो.

परवा शेजारच्या टेबलवर एका नव्या मुलाच्या वहीत तेच दिसलं, हीड म्हणजे लक्ष देणे. त्याला म्हटलं, खोड ते आणि लिही, मनावर घेणे.