ऐकिडोचा दांडा: आधी एकट्याने, मग जोडीने

ऐकिडो ही जपानी युद्धकला. तिच्यातल्या लाकडी दांड्याचं जपानी नाव ‘जो’. मराठीत ‘जो’ लिहिलं की वाचणारा पुढे ‘तो’ शोधत बसतो, म्हणून इथे दांडाच म्हणू. लांबी साधारण 128 सेंमी, जाडी 24-25 मिमी. शेजारी उभा केला की वरचं टोक काखेच्या आसपास येतं. जपानमध्ये पांढऱ्या ओकचा वापरतात. लाकूड कुठलंही असो, त्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. रेष मधेच कडेला बाहेर पडली असेल तर दांडा नेमका तिथे मोडतो, तोही जोडीदाराच्या तोंडासमोर. फरशीवर घरंगळवून पाहा. डुगडुगत गेला तर वाकडा आहे. व्हार्निश खरवडून काढा, कारण घामेजल्या तळव्याला ते चिकटतं आणि दांडा सरकत नाही. जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. (तेलाची चिंधी पसरून वाळवा. बोळा करून टाकलीत तर आपोआप तापून पेटू शकते.)

एकट्याने करायच्या 20 सुबुरी, म्हणजे दांड्याच्या सुट्या हालचाली, ऐकिडोचे शिक्षक मोरिहिरो साइतो (1928-2002) यांनी जपानमधल्या इवामाला लावून दिल्या: टोचण्याच्या 5, वरून मारण्याच्या 5, एका हाताच्या 3, दांडा परतवून खांद्यापाशी उभा धरण्याच्या (हास्सो गाएशी) 5 आणि वाहत्या ओघात उलटवण्याच्या (नागारे गाएशी) 2. वीसच्या वीस पाठ करायची घाई सगळ्यांनाच असते. पण पहिली, म्हणजे चोकु त्सुकी (सरळ टोचणं), कच्ची राहिली तर जोडीच्या सरावात रोज तीच अडते.

डावा पाय पुढे, उजवं पाऊल बाहेर वळलेलं. दांडा डाव्या अंगठ्यासमोर उभा, डावा हात वरच्या टोकाच्या जरा खाली. डाव्या हाताने दांडा आडवा होईस्तोवर उचला. खालचं टोक मागे येईल, ते उजव्या हाताने कमरेपाशी धरा. आता डावं पाऊल पुढे सरकवत, कंबर वळवून, समोरच्याच्या छातीच्या खालच्या खळगीकडे टोचा. ढकलतो मागचा हात. पुढचा फक्त वाट दाखवतो. मूठ शेवटच्या क्षणी पिळायची, आधीपासून आवळायची नाही.

चुकतं कुठे, ते भिंत सांगते. खळगीच्या उंचीवर खडूने रुपयाएवढं वर्तुळ काढा आणि चार बोटं अलीकडे थांबेल अशा बेताने 10 वेळा संथ टोचा. टोक कमान काढत गेलं तर उजवं कोपर बाहेर उघडतंय, म्हणजे जोर कमरेऐवजी खांद्यातून येतोय. टोक थांबल्यावर थरथरलं तर मागचं पाऊल यायच्या आधीच हात पोचलाय. लाठी फिरवलेल्यांना इथे मनगट मोकळं सोडायची सवय आड येते.

मग जोडीदार. त्याला पुढचं टोक दोन्ही हातांनी धरून दांड्याच्या सरळ रेषेत हळूहळू दाबू द्या. दाब तुमच्या मागच्या टाचेत उतरला पाहिजे. खांदा मागे गेला तर दुवा तिथेच तुटलाय. अशा वेळी परत ढकलू नका, कोपरं खाली सोडा आणि गुडघे थोडे वाकवा.

दाब टाचेत आला की जोडीदाराला फेकायची तयारी. इथे बहुतेक जण दांडा वर ओढतात, आणि जोडीदार झोळीसारखा लोंबकळतो. वजन उचलायचंच नाही. त्याच्या दोन पावलांमधून एक रेघ कल्पा. त्या रेघेवर तो भक्कम आहे, तिला काटकोनात मात्र आधार नाही. टोक त्याच्या पुढून वर न्या, मागचं पाऊल टाकून आत शिरा आणि टोक त्याच्या मागच्या त्या मोकळ्या कोपऱ्याकडे खाली आणा. पाऊल आणि टोक एकदमच पोचले पाहिजेत. टोक आधी गेलं तर तो फक्त वाकतो. पाऊल आधी पडलं तर तुम्हीच त्याच्या अंगावर.

धरणाऱ्याचंही काम आहे. पकड जिवंत हवी: दांडा हलला की कंबर सोबत वळली पाहिजे. नुसते हात ताठ करून अडवलंत तर समोरचा शिकत नाही. आधीच पडून दाखवलंत तर त्याहून वाईट. टोचायची पाळी आली की खरोखर खळगीवरच नेम धरा, फक्त वेग कमी ठेवा. भिडस्त जोडीदार बाजूला टोचतो, मग हलायची गरजच उरत नाही. नवख्यांनी टोक अंगापासून एक वीत अलीकडे थांबवावं, आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय दांडा उचलू नये.