बायोडेटा, रिझ्युमे की सीव्ही? अर्जासोबत नेमके काय जोडायचे

ठाण्यात झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा टाइप करून घेतला, की बहुतेक वेळा एक ठरलेला नमुना हाती पडतो. नाव, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘छंद : वाचन, क्रिकेट’. मग तोच कागद रबाळ्याच्या कारखान्यात, ऐरोलीच्या आयटी कंपनीत आणि कॉलेजातही जातो. ओळखीच्या मुलांचे अर्ज बघून देताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसते आणि वाईट वाटते, कारण पोरगी हुशार असते, कागद मात्र तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

१. आधी जाहिरात दोनदा वाचा. नुसत्या शब्दावर जाऊ नका. एमआयडीसीतला सुपरवायझर ‘बायोडेटा घेऊन ये’ म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा एका पानाचा रिझ्युमेच हवा असतो. ब्रिटनमध्ये त्याच छोट्या कागदाला सीव्ही म्हणतात. अमेरिकेत मात्र सीव्ही म्हणजे प्राध्यापक-संशोधकांचा लांबलचक तपशील.

२. खासगी नोकरीला रिझ्युमे. फ्रेशर असाल तर एक पान, अनुभव असेल तर दोन. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘आयटीआय, टर्नर’ एवढ्यावर थांबू नका. साधी लेथ चालवली की सीएनसी? किती महिने? ड्रॉइंग वाचता येते का? मायक्रोमीटरने माप घेता येते का? ऑफिसच्या कामासाठी ‘कॉम्प्युटरचे ज्ञान’ याऐवजी ‘टॅलीमध्ये जीएसटीची बिले केली’ असे लिहा. जाहिरातीत मागितलेले काम तुम्ही खरोखर केले असेल, तर ते पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यायलाच हवे. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय काढून टाका. ते लग्नाच्या बायोडेटात शोभते.

३. कॉलेजात शिकवायचे असेल तर सीव्ही. नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएचडीचा विषय, शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय हे सगळे सालवार. पाच पाने झाली तरी चालतील.

४. महापालिका किंवा सरकारी भरतीत विहित नमुन्यातला अर्जच भरावा लागतो, रिझ्युमे त्याची जागा घेत नाही. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर यांपैकी काय मागितले आहे ते बघा. नॉन-क्रिमीलेयरची मुदत तर नक्की तपासा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात धावाधाव नको.

५. रिझ्युमेवर आधार किंवा पॅन क्रमांक छापू नका. तो कागद किती जणांच्या हातून जाईल, सांगता येत नाही. निवड झाल्यावर ओळखपत्र मागितले, तर मास्क्ड आधार चालेल का ते विचारा. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेता येते.

६. मेल करताना पीडीएफच जोडा आणि फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव द्या. ‘न्यू फायनल २’ नको. वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, महापे किंवा तुर्भ्याला जाणार असाल तर दोन प्रती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घ्या. जून ते सप्टेंबर स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत पोहोचेतो कागद भिजतोच.