बडोद्यात गाड्यांचे फोटो: जागा, ऊन आणि नोंद

गाडीचा एखादा सुरेख फोटो कुणालाही कधीतरी मिळून जातो. एकाच जागेवरून वर्षानुवर्षे काढलेले फोटो मात्र ठरवूनच जमवावे लागतात, आणि पुढे मोलाचे ठरतात ते हेच. त्यासाठी बडोदं फार सोयीचं गाव आहे. दक्षिणेला मुंबईची लाईन, वायव्येला आणंद-अहमदाबादची, ईशान्येला गोध्रा-रतलामवरून दिल्लीची, आणि विश्वामित्रीहून प्रतापनगर-डभोईकडे जाणारा फाटा. चार दिशांच्या चार लाईनी असल्यामुळे वर्षातल्या कोणत्याही दिवशी कुठल्या ना कुठल्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतंच. ते कुठे, कधी पडतं हे आधी समजून घ्या. कॅमेऱ्याचं नंतर बघू.

ऊन

बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांच्या वर जात नाही. म्हणजे थंडीत दिवसभर तिरपं, कामाचं ऊन मिळतं. जूनमध्ये तो तेवढाच उत्तरेकडे सरकून उगवतो आणि दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा इंजिनाच्या छताची सावली काचेवर पडते, बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, काळ्या दिसतात. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी साडेचारच्या आधी कॅमेरा बाहेर काढण्यात फारसा अर्थ नाही.

आता लाईनीप्रमाणे बघा. आणंदहून बडोद्याकडे येणाऱ्या गाडीचं तोंड आग्नेयेला असतं. थंडीत सकाळी आठ ते दहा हे ऊन जवळजवळ समोरून पडतं. बाजवा किंवा रणोली स्टेशनवर साडेनऊ-दहापर्यंत लाईनीच्या पूर्वेकडच्या फलाटावर थांबा, त्यानंतर पश्चिमेकडच्या. उलट आणंदकडे निघालेल्या गाडीचं तोंड हिवाळाभर सावलीतच राहतं. तिच्यासाठी मे महिन्याची संध्याकाळ राखून ठेवा आणि पश्चिमेकडून घ्या. गोध्र्याकडून येणाऱ्या गाड्या थंडीत दुपारी तीन ते पाच या वेळात छायापुरीला छान मिळतात. गोध्र्याकडे जाणाऱ्यांना उन्हाळ्यातली सकाळ हवी. अहमदाबाद-रतलाम मार्गावरच्या बऱ्याच गाड्या पूर्वी बडोद्यात येऊन इंजिन बदलून उलट्या फिरायच्या. २०२० मध्ये छायापुरी स्टेशन झाल्यापासून त्या परस्पर बाहेरून जातात. त्यामुळे गाडी बडोद्याच्या मुख्य स्टेशनला येते की छायापुरीला थांबते, हे वेळापत्रकात बघून मगच निघा.

मुंबईच्या लाईनीवर, म्हणजे मकरपुरा, वरणामा, इटोला या बाजूला, लाईन बरीचशी उत्तर-दक्षिण आहे. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून घ्यायचं, एवढा नियम पुरतो. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला थंडीत तोंडावर ऊन मिळतं, मुंबईहून येणाऱ्या गाडीला नाही. वंदे भारतचंच उदाहरण घ्या. २०९०१ सकाळी दहाच्या आसपास मुंबईहून येते तेव्हा तिचं तोंड अंधारं असतं. परतीची २०९०२ दुपारी चारच्या पुढे-मागे जाते. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा पश्चिमेकडून घेतलं तर तोंड आणि बाजू दोन्ही उजळलेली मिळतात. सकाळची गाडीच हवी असेल तर ती पुढे निघून गेल्यावर शेपटीचा फोटो घ्या. दोन्ही टोकं सारखीच असतात, फरक फक्त लाल दिव्यांचा. शताब्दीला ही सोय नाही. तिच्या मागच्या टोकाला जनरेटरचा डबा असतो, म्हणून सकाळी तिचा पूर्वेकडून घेतलेला आडवा फोटोच बरा दिसतो.

मुंबई-दिल्ली राजधानी दोन्ही दिशांना अंधारातच बडोद्याला येते. तिच्यासाठी फलाटाच्या दिव्यांवरच भागवावं लागतं. उभ्या इंजिनाला आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १६००, एफ/४ (लेन्सचं छिद्र) आणि १/३० सेकंद (शटरचा वेळ) इथून सुरुवात करा. हात फलाटाच्या खांबाला टेकवा. फ्लॅश कधीही वापरू नका. लोको पायलटचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, एका फ्लॅशनं त्याला काही क्षण सिग्नल दिसेनासा होतो. हा नियम पाळता येत नसेल त्यानं रात्री फोटो काढू नयेत.

उभं कुठे राहायचं

रुळांवर, खडीवर किंवा फलाटाच्या टोकाचा उतार ओलांडून पलीकडे जाऊ नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे हद्दीत घुसखोरी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याचं सोडा, १३० च्या वेगानं येणारी विजेची गाडी जवळ येईपर्यंत फारशी ऐकूच येत नाही, आणि शेजारच्या लाईनीवर मालगाडी चालू असेल तर अजिबातच नाही. दहा रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं. दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर शेजारच्या स्टेशनचं तिकीट काढा आणि मेमूनं (जवळच्या अंतराच्या विजेच्या लोकलनं) जाऊन या.

स्वतःच्या हौसेसाठी साध्या कॅमेऱ्यानं फलाटावर फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. तरी लहान स्टेशनवर पोचल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटून सांगा, ओळखपत्र जवळ ठेवा, तिपाई आणू नका. सिग्नलची केबिन, रिले रूम (सिग्नल यंत्रणेची खोली) किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसांचे फोटो घेऊ नका. आरपीएफचा जवान थांब म्हणाला तर थांबा, वाद घालू नका. पैसे घेऊन करायच्या चित्रीकरणाची परवानगी वेगळी असते, ती पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयातून काढावी लागते.

जेतलपूर पूल, पांड्या पूल किंवा स्टेशनचा पादचारी पूल इथून वरून घेतलेला फोटो वेगळा दिसतो, पण खाली २५ हजार व्होल्टची तार असते. पुलाच्या जाळीतून सेल्फी स्टिक, मोनोपॉड, छत्री, काहीही बाहेर काढायचं नाही. तारेपासून दोन मीटरचं अंतर हे कामगारांनाही पाळावं लागतं. वीज उडी मारते, स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. लेन्स जाळीला अगदी चिकटवून एफ/४ किंवा त्याहून उघडी ठेवली की जाळीच्या तारा फोटोत विरघळून जातात. विश्वामित्रीच्या पुलाचा फोटो खालून घ्यायची हौस असेल तर रस्त्याच्या पुलावरूनच घ्या. त्या नदीत मगरी आहेत, काठावर उतरायचं नाही.

मुंबई-अहमदाबाद लाईनीला गुरं आडवी येऊ नयेत म्हणून लोखंडी कठडा बसवला आहे. बाहेरून, शेताच्या बांधावरून घेताना तो चाकांना झाकतो. अशा वेळी कॅमेरा डोक्याच्या वर धरून मागच्या पडद्यावर बघत घ्या, किंवा सरळ स्टेशनच्या फलाटावर जा.

खांब चुकवणं

तारांचे खांब साधारण ६० मीटरवर असतात (जास्तीत जास्त ७२). १३० च्या वेगाला गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा ती पावणेदोन सेकंदांत संपवते. सेकंदाला आठ फ्रेम काढणारा कॅमेरा असेल तर तेरा-चौदा फ्रेम होतात आणि त्यातल्या तीन-चारच कामाच्या. खांब इंजिनाच्या तोंडातून उगवल्यासारखा दिसला की फोटो गेला. म्हणून गाडी यायच्या आधी रिकाम्या रुळांचे दोन-तीन फोटो घ्या, त्यात इंजिनाचं तोंड कुठे यायला हवं ते ठरवा आणि त्या ठिकाणची एखादी खूण, स्लीपर किंवा पाटी, लक्षात ठेवा. फोकस तिथेच लावून स्थिर करा. गाडी खुणेच्या थोडी अलीकडे असतानाच बटण दाबून धरा. पँटोग्राफ (छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) फ्रेमच्या आत राहतोय ना, हे याच वेळी तपासा. वर उठलेला पँटोग्राफ कापला गेलेला फोटो अर्धवट वाटतो, आणि ही चूक सर्रास होते.

समोरून तीन-चतुर्थांश कोनात, म्हणजे तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील अशी, येणाऱ्या गाडीला १/१००० सेकंद पुरतं. आडव्या फोटोला १/२००० हवं. १/५०० ला तेवढ्या वेळात गाडी सात सेंटिमीटर सरकलेली असते आणि अक्षरं पुसट होतात. स्वच्छ उन्हात आयएसओ २००, एफ/५.६, १/१२५० ते १/१६०० हे मॅन्युअलवर लावून ठेवा. ऑटोवर ठेवलं तर गाडीचा हेडलाइट समोर आला की कॅमेरा फसतो आणि सगळं काळं करतो. मिररलेस कॅमेऱ्यावर मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरवर आणि फोनवर आडवी जाणारी गाडी तिरकी होते, खिडक्यांच्या चौकटी कलतात. डब्यांवरच्या एलईडी पाट्या वेगवान शटरला अर्ध्याच दिसतात. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी उभी असताना १/६० ला वेगळा फोटो घ्या.

लेन्सबद्दल एवढंच सांगणं पुरेसं आहे: क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५५ ते ८५ मिमी. लांब लेन्स उन्हाळ्यात निरुपयोगी ठरते, कारण तापलेल्या खडीवरची हवा थरथरते आणि २०० मिमीच्या पुढे इंजिनाचं तोंड पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. हा दोष फोकसचा नसतो, लेन्स बदलून तो जात नाही. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. घरी कॅमेरा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. बुरशी एकदा काचेत शिरली की निघत नाही.

वर्षानुवर्षे तीच जागा

दोन किंवा तीनच जागा कायमच्या ठरवा. सुचवायच्या झाल्या तर मकरपुरा स्टेशन, छायापुरी आणि प्रतापनगर. प्रत्येक जागेची नोंद अशी करा की दुसऱ्या कुणालाही तिथेच उभं राहता यावं. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तारेचा खांब. प्रत्येक खांबावर क्रमांक असतो, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला अनुक्रमांक. समोर कोणता खांब, कॅमेरा किती उंचीवर, लेन्स किती मिमीवर, तोंड कोणत्या दिशेला, हे वहीत लिहा. खांब स्वतःही कधीतरी बदलतात, म्हणून जोडीला झाड, पाण्याची टाकी, स्टेशनची इमारत असं काहीतरी फ्रेममध्ये येऊ द्या. वर्षातून निदान दोनदा, थंडीत आणि पावसाळ्याअखेर, तीच चौकट पुन्हा घ्या. गाडी नसली तरी घ्या.

हे का करायचं ते डभोईकडे बघून कळतं. गायकवाडांच्या राज्यात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम या अडीच फुटी रुळांवर बैल डबे ओढत होते; वाफेची इंजिनं नंतर आली. पुढे डभोई नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आज तिथून ब्रॉडगेज जाते आणि १७ जानेवारी २०२१ पासून एकता नगरपर्यंत गाड्या सुरू आहेत. प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कमध्ये जुनी छोटी इंजिनं उभी आहेत, पण चालत्या गाडीचे, फलाटाचे, सिग्नलचे रोजचे फोटो फार थोड्यांकडे आहेत. आज हीच गोष्ट आयसीएफच्या (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) जुन्या घडणीच्या निळ्या डब्यांची आहे. २०१८ मध्ये ते बनणं थांबलं आणि डब्याचं आयुष्य सुमारे २५ वर्षं धरलेलं असतं. डब्ल्यूएपी-४ ही प्रवासी गाड्यांची विजेची इंजिनंही कमी होत चालली आहेत. वंदे भारतचे फोटो सगळेच काढतात. मेमू, मालगाडी, गार्डाचा डबा, फलाटावरची हातानं रंगवलेली पाटी, हे आधी टिपा.

प्रत्येक गाडीचे दोन जवळचे फोटो जरूर घ्या. एक इंजिनाच्या क्रमांकाचा. ३० किंवा ३७ नं सुरू होणारा पाच आकडी क्रमांक असेल तर बहुधा डब्ल्यूएपी-७, २२ किंवा २५ असेल तर डब्ल्यूएपी-४, ६० असेल तर मालगाडीचं डब्ल्यूएजी-१२. बाजूलाच शेडची, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाची, अक्षरं रंगवलेली असतात: बीआरसी म्हणजे आपलं बडोदं, जीझेडबी म्हणजे गाझियाबाद, बीएल म्हणजे वलसाड. दुसरा फोटो डब्याच्या क्रमांकाचा. त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा बनल्याचं वर्ष. गाडी निघून गेल्यावर हे दोन फोटो नसतील तर पुढे ओळख पटवणं फार जड जातं.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलींना नावं द्या: वर्ष-महिना-दिवस, मग स्टेशन, अप की डाऊन (पश्चिम रेल्वेवर मुंबईकडे जाणारी अप), इंजिन क्रमांक, गाडी क्रमांक. वर्ष पुढे ठेवलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. कॅमेऱ्याचं घड्याळ दर महिन्याला फोनशी जुळवा. पाच मिनिटांची चूक असेल तर लागोपाठ आलेल्या दोन गाड्यांची अदलाबदल होते. चोवीस मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे तीनशे फ्रेमना आठ-नऊ जीबी लागतात. म्हणून त्याच रात्री निवड करून बाकीच्या पुसा, पण धूसर आलेला दुर्मिळ इंजिनाचा फोटो पुसू नका. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा चालू करून दहा-वीस फाइली उघडून बघा, आणि पाच-सहा वर्षांची झाली की ती बिघडायची वाट न बघता नवीवर उतरवा.