व्हीएस कोड जेनकिन्सला जोडताना या चुका टाळा

नागपूरच्या गायत्रीनगर आयटी पार्कमधील आमच्या कार्यालयात नवा सहकारी रुजू झाला, की पहिल्याच आठवड्यात त्याचे गाऱ्हाणे ठरलेले असते: व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकातले एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) जेनकिन्सला, म्हणजे कोडची बांधणी आणि चाचणी आपोआप करणाऱ्या सर्व्हरला, जोडलेच जात नाही. तो एक्स्टेंशन काढून पुन्हा बसवतो. दोष मात्र बहुतेक वेळा जेनकिन्सच्या पत्त्यात किंवा टोकनमध्ये (पासवर्डऐवजी द्यायच्या गुप्त अक्षरमालेत) असतो.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या एखाद्या जॉबचा (जेनकिन्सवर नेमलेल्या कामाचा) लांबलचक पत्ता सेटिंगमध्ये चिकटवू नये, एक्स्टेंशन मूळ पत्ता मागत असेल तर तेवढाच द्यावा. पोर्ट (सहसा ८०८०) विसरू नये. रिमोट एसएसएच (दूरच्या यंत्रावर काम करण्याची व्हीएस कोडची सोय) वापरत असाल, तर एक्स्टेंशन दूरच्या यंत्रावर चालत असण्याची शक्यता असते आणि मग ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, ते यंत्र.

पासवर्डऐवजी एपीआय टोकन वापरावे. ते आपल्या जेनकिन्स प्रोफाइलमध्ये तयार होते आणि एकदाच दिसते. पान बंद केल्यावर नवेच करावे लागते. गेल्या मे महिन्यात, बाहेर ऊन रणरणत असताना, एका सहकाऱ्याची अख्खी दुपार ४०१ या त्रुटीपायी गेली. शेवटी आम्ही टोकनची अक्षरे मोजली. हल्लीचे टोकन ‘११’ने सुरू होते आणि ३४ अक्षरांचे असते, त्याचे भरले ३३, कारण कॉपी करताना शेवटचे अक्षर सुटले होते. वापरकर्ता म्हणून ईमेल नव्हे, जेनकिन्समधला आयडी लागतो, हेही येथेच पाहून घ्यावे.

४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ आल्यास एक तर परवानगी नसते, नाही तर संदेशात ‘क्रम्ब’चा, म्हणजे बनावट विनंत्या रोखणाऱ्या जेनकिन्सच्या सुरक्षा-कोडचा, उल्लेख असतो. २०१९पासून क्रम्ब सेशनशी बांधलेला असल्याने तो एकीकडून आणून दुसरीकडे वापरण्याचा खटाटोप फसतो. टोकनने ओळख दिली, तर क्रम्ब लागतच नाही.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तक्रार आली म्हणून एसएसएल तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही, कारण मग टोकन कोणाच्या हाती पडते याची खात्री उरत नाही. कंपनीचे सर्टिफिकेट संगणकाच्या विश्वासार्ह यादीत घालावे.

जोडणी झाल्यावर ‘नोड’ने सुरू होणारी स्क्रिप्टेड जेनकिन्सफाइल (कामाचे टप्पे लिहिलेली फाइल) लिंटरने, म्हणजे तिची मांडणी तपासणाऱ्या साधनाने, नाकारली, तर टोकन बदलत बसू नये, ती तपासणी डिक्लरेटिव्ह, म्हणजे ‘पाइपलाइन’ने सुरू होणाऱ्या ठरावीक साच्यातल्या, फाइलपुरतीच आहे.