दारात पाइपलाइनचं खोदकाम आलंय? बागेच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यातल्या शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत दारासमोरचा रस्ता कधी ना कधी खोदला जातोच. आधी नळाची लाइन, मग ड्रेनेज, मग गॅस, मग इंटरनेटची केबल. जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे नव्या लाइनला कुणी नाही म्हणणार नाही, म्हणूही नये. पण कंपाउंडलगतचा मोगरा, कढीपत्ता, लिंबू आणि दारचा केसर आंबा यातून वाचवता येतो. त्यासाठी आधी माती वाचवावी लागते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र होऊ देणं. आपल्याकडे बऱ्याच प्लॉटवर काळ्या मातीचा थर दीड-दोन फुटांचाच असतो, खाली मुरूम किंवा काळा पाषाण. जेसीबी एका घासात दोन्ही उचलतो, एकाच ढिगात टाकतो आणि चर बुजवताना मुरूम वर येतो. मग त्या वाफ्यात पाणी ठरत नाही, शेणखत कितीही घाला. काम सुरू व्हायच्या दिवशी मुकादमाला भेटा आणि सांगा, वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला. अंगणातला भाग असेल तर वरचा थर आदल्या दिवशी स्वतःच फावड्याने काढून ताडपत्रीवर ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षं वाचतात.

पाऊस पडून गेल्यावर ओल्या काळ्या मातीवरून मशीन जाऊ देऊ नका. ही माती ओली असताना दाबली गेली की मधल्या पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर कुदळही चालत नाही. थांबणं शक्यच नसेल तर जाण्यायेण्याच्या पट्ट्यावर जाड फळ्या टाकायला लावा.

झाडाजवळचा चर हा दुसरा मोठा विषय. आंब्याची मुळं फक्त खोल जातात असा समज आहे. प्रत्यक्षात अन्नपाणी ओढणारी बरीचशी बारीक मुळं वरच्या दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ढोबळ हिशेब असा: बुंध्याच्या जाडीच्या किमान बारापट अंतर सोडावं. बुंधा २० सेंटिमीटर जाड असेल तर साधारण आठ फूट. तेवढी जागा नसेल तर तेवढ्या पट्ट्यात हाताने खोदायला सांगा आणि जाड मुळांखालून पाइप काढून घ्या.

मुळं तुटलीच तर फाटकी टोकं तशीच बुजवू नका. धारदार करवतीने सरळ कापा. जाड मुळाच्या कापाला बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, १ किलो चुना, १० लिटर पाणी). चर उघडा असेपर्यंत मुळांवर ओलं गोणपाट टाकून ठेवा, आपल्या उन्हात उघडी बारीक मुळं फार लवकर सुकतात. आणि झाड कोमेजलं म्हणून युरिया टाकण्याची घाई अजिबात नको. उरलेल्या मुळांना आधी पाणी हवं असतं. आळं करून सावकाश, खोलवर पाणी द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

नंतर काय बिघडलं हे झाडाकडे बघून कळतं. दुपारी मान टाकणारं झाड संध्याकाळी सावरत असेल तर मुळं कमी झालीत, पाणी आणि सावली द्या. माती ओली असूनही पानं पिवळी पडून गळत असतील तर पाण्याचा निचरा अडलाय, पाणी बंद करून बाजूने चारी काढा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर सिमेंटचं पाणी किंवा चुनखडीचा मुरूम वाफ्यात आलाय आणि झाडाला लोह मिळत नाही. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून संध्याकाळी फवारा. पण वाफ्यातलं सिमेंट खरवडून काढल्याशिवाय हा उपाय तात्पुरताच. गॅसच्या लाइनवरचा एखादाच पट्टा अचानक वाळला आणि वास आला तर तिथे काडी ओढू नका, बटण दाबू नका. दूर जाऊन कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

तक्रार तोंडी करून सोडून देणं हीही चूकच. काम सुरू होण्याआधीचे तारखेसह फोटो, लेखी अर्ज आणि त्यावर पोच, एवढं हातात असू द्या. कंपाउंडबाहेरची बाग बहुतेक वेळा रस्त्याच्या जागेत असते, तिथे भरपाईचा आग्रह टिकणं अवघड. तरी १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. त्यामुळे मोठ्या झाडाची मुळं तोडण्याआधी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जाण्याचा तुम्हाला आधार आहे.

चर बुजला की लगेच फरशी किंवा लॉन घालू नका. माती पहिल्या पावसात बसतेच, म्हणून थर देत, दाबत भरा आणि वर चार-सहा इंच उंचवटा ठेवा. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की खड्डे बाजूला ठेवलेल्या काळ्या मातीने भरून घ्या. त्या पट्ट्यावर गवती चहा, मोगरा, झेंडू, मेथी-कोथिंबीर चालेल. शेवगा, जांभूळ, आंबा मात्र लाइनपासून लांबच लावा, कारण गळती निघाली की तिथे पुन्हा खोदावं लागणार.