व्हीटॉकमध्ये हात घालताय? या चुका टाळा

झेड-ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमवर, डेटासेटची (फाइलची) माहिती डेटासेटच्या पोटात नसते. ती डिस्कच्या व्हीटॉकमध्ये (डिस्कवरच्या डेटासेटच्या अनुक्रमणिकेत), १४० बाइटच्या डीएससीबी नोंदीत असते. हे सगळ्यांना पाठ असतं, पण कोड लिहिताना नेमकं तेच विसरलं जातं.

समजा, डेटासेटची शेवटच्या वापराची तारीख बदलायची आहे. इतरांचं काम अडू नये म्हणून जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचनांमध्ये) डिस्प=एसएचआर, म्हणजे 'वाटून वापरा', दिलं, डीएससीबी वाचली, तारीख बदलली आणि अख्खी नोंद परत लिहिली. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या जॉबने तोच डेटासेट लिहिण्यासाठी उघडला, तर सिस्टिम त्याच नोंदीत 'बदल झाला' असा बिट चढवते. तुमच्याकडची प्रत मात्र जुनी. ती वर बसली की बिट पुसला जातो, आणि फक्त बदललेले डेटासेट उचलणारा रात्रीचा बॅकअप हा डेटासेट सोडून देतो. कुठेही अॅबेंड (प्रोग्राम मध्येच कोसळणं) नाही, कन्सोलवर संदेश नाही. रिस्टोअर करायची वेळ आली की मगच कळतं.

मग डिस्प=ओल्ड, म्हणजे 'फक्त मलाच', दिलं की झालं? नाही. त्याने मिळतं ते सिसडीएसएन या नावाखालचं एन्क्यू, म्हणजे सिस्टिमकडून मागून घेतलेलं कुलूप. त्याला डेटासेटचं नाव कळतं, व्हॉल्यूम (कोणती डिस्क) कळत नाही. थेट व्हीटॉकवर काम करणारी साधनं सिसडीएसएनला विचारतीलच असंही नाही. व्हीटॉकचं कुलूप वेगळं: मोठं नाव सिसव्हीटॉक, छोटं नाव व्हॉल्यूम सीरियल. तेही रिझर्व्हने, म्हणजे इतर सिस्टिमनाही रोखणाऱ्या मागणीने, घ्यायचं, कारण डिस्क अनेक सिस्टिममध्ये वाटलेली असते. आणि नोंद कुलूप घेतल्यानंतरच वाचायची. आधी वाचून ठेवलेली प्रत कामाची नाही.

रिझर्व्ह हातात धरून बसू नका. जीआरएस (कुलपं सांभाळणारा झेड-ओएसचा भाग) त्याचं जागतिक, म्हणजे सगळ्या सिस्टिमना लागू असलेल्या, एन्क्यूमध्ये रूपांतर करत नसेल, तर बाकीच्या सिस्टिमसाठी अख्खा व्हॉल्यूम बंद असतो. हिशेब, फाइल उघडणं, ऑपरेटरला प्रश्न विचारणं, सगळं आधी उरका.

कुलूप मागताना देता येणारा आरईटी=टेस्ट हा पर्याय ही आणखी एक फसवी सोय. ते एवढंच सांगतं की या क्षणी कुलूप मोकळं आहे. हातात काहीच येत नाही. पुढच्या ओळीपर्यंत दुसरा कुणी ते घेऊन मोकळा होतो. थांबायचं नसेल तर आरईटी=यूज (मोकळं असेल तरच लगेच द्या) वापरा आणि रिटर्न कोड खरोखर तपासा. आरईटी न देता एकाच टास्कने तेच कुलूप दोनदा मागितलं तर एस१३८, आणि जवळ नसलेलं सोडलं तर एस१३० मिळतो. हे दोन्ही अॅबेंड मला आवडतात, निदान बोलून तरी दाखवतात.

तारखेचंही एक गंमतशीर प्रकरण आहे. डीएससीबीतली तारीख ३ बाइटची: पहिल्या बाइटमध्ये वर्षातून १९०० वजा करून उरलेली संख्या, पुढच्या दोनात वर्षातला कितवा दिवस. २०२४ साठी पहिला बाइट १२४ हवा. शेवटचे दोनच अंक घेऊन २४ लिहिलंत तर डेटासेट १९२४ सालचा होतो, आणि जुने डेटासेट हलवणारे नियम त्याला लगेच बाहेर काढतात.

जॉब नुसताच लटकला असेल तर आधी कुलपांचा क्रम पाहा. एकाने सिसडीएसएन धरून सिसव्हीटॉक मागितलं आणि दुसऱ्याने उलटं केलं, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. कन्सोलवर 'डी जीआरएस,सी' दिलं की कोण धरून बसलंय आणि कोण रांगेत आहे, दोन्ही दिसतं.